दहावा निरोगी माणूस

विशाखाला दहा निरोगी माणसं हवी होती आणि नऊच मिळाली होती.

साल चौऱ्याऐंशी. गुलबर्ग्यातल्या एका मेडिकल कॉलेजात ती पॅथॉलॉजीत एम. डी. करत होती. राजेश्वर गावच्या मारोती गुरुजींची ही थोरली. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वर्षभरातच झालेली, म्हणून गुरुजींनी हौसेनं विशाखा नाव ठेवलं. घराण्यात शाळा शिकणारी दुसरी पिढी, डॉक्टर होणारी पहिली.

प्रबंधाचा विषय तिला एका बाईनं दिला होता. कमलनगरची राजूबाई, पंचावन्न वर्षांची. चुलीपुढून उठली आणि मांडीचं हाड मोडलं. पडली नव्हती, कुठं आपटली नव्हती, नुसती उठली होती. एक्स-रेत कवटीपासून कमरेपर्यंत हाडाला बारीक बारीक भोकं दिसली. मल्टिपल मायलोमा. हाडाच्या आतल्या मज्जेत रक्त तयार होतं. तिथल्याच एका जातीच्या पेशी, प्लाझ्मा पेशी, मोकाट वाढत सुटतात, तो हा कॅन्सर.

"सर, पेशी तर मज्जेत वाढतात. मग हाड कोण खातं?" तिनं डॉ. रेवणसिद्धप्पांना विचारलं होतं. ते तिचे मार्गदर्शक.

त्यांनी चष्मा काढला. "हाड खाणाऱ्या पेशी आपल्या सगळ्यांच्यातच असतात. जुनं हाड काढून टाकायचं, हे त्यांचं कामच. पण या रोगात त्यांना कुणीतरी चिथावतं. कोण, कसं, यावर बाहेर आता कुठं काम सुरू झालंय. तू रोगी पेशी एकटी बघू नकोस. तिचा शेजार बघ."

शेजार बघायचा म्हणजे मज्जेचा नुसता रस काढून भागत नाही, कमरेच्या हाडातून सुईनं अख्खा तुकडाच काढावा लागतो. सतरा रोग्यांचे तुकडे तिनं दीड वर्षात जमवले. त्यांच्याशी ताडून बघायला पन्नाशीपुढच्या निरोगी माणसांचे दहा हवे होते. हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्यांना ती समजावून सांगायची की भूल दिलेली असतानाच तुकडा काढू, कळणारही नाही. नऊ जण तयार झाले. दहावा हुलसूरचा एक म्हातारा होता. तो आधी हो म्हणाला आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दवाखान्यातून निघूनच गेला.

"हाडातला रस काढत्यात म्हणून भ्यालं असंल ते," शिवय्या म्हणाले. "जाऊ द्या अक्का. माझा घ्या."

शिवय्या म्हणजे लॅबचे टेक्निशियन. बावन्न वर्षांचे, भालकीकडचे जंगम, कपाळावर रोज भस्माचे पट्टे. सव्वीस वर्षं ते हेच काम करत होते. ॲसिडमध्ये मऊ केलेलं हाड मेणात बसवून त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढावेत ते त्यांनीच. विशाखा पहिल्या दिवशी आली तेव्हा त्यांनी तिला नाव विचारलं, गाव विचारलं; आडनाव विचारलं नाही. तेव्हापासून ती त्यांना अण्णा म्हणायची.

"अण्णा, तुम्हाला भूल नसणार. दुखेल."

"लोकांची हाडं कापायलोय सव्वीस वर्सं. एकदा माझं बी कापून बघतो की."

मेडिसीनच्या डॉक्टरांनी जागा बधिर करून तुकडा काढला. शिवय्या ओठ आवळून कुशीवर पडून राहिले आणि अर्ध्या तासानं कामाला लागले. स्वतःचा तुकडाही त्यांनीच मेणात बसवला.

बघणाऱ्याच्या मनात आधीच काही नको, म्हणून सत्तावीस तुकड्यांना शिवय्यांनी वाटेल तसे नंबर टाकले होते. कोणता नंबर कुणाचा, ते फक्त त्यांच्या रजिस्टरात. विशाखानं आठवडाभर मायक्रोस्कोपला डोळा लावून सगळ्या स्लाइड वाचल्या. शनिवारी सकाळी तिनं गठ्ठे वेगळे केले, एक रोग्यांचा, एक निरोगी माणसांचा. मग मोजले.

अठरा रोगी आणि नऊ निरोगी.

पुन्हा मोजले. तेवढेच.

प्रबंध द्यायला तीन महिने राहिले होते. लेबलांची अदलाबदल झाली असली तर एकाही स्लाइडवर विश्वास ठेवता येणार नव्हता. ती तशीच उठून शिवय्यांच्या टेबलाशी गेली. दोन विद्यार्थी तिथं उभे होते, तेही तिला दिसले नाहीत.

"अण्णा, काय करून ठेवलंत हे? रोग्याची स्लाइड निरोगी माणसाच्या नंबरावर गेलीय. दीड वर्षाचं काम आहे माझं!"

शिवय्या गोंधळले. सव्वीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी रजिस्टर काढलं आणि पेन्सिल घेतली. "तुमी रोगी कोणते धरलाव, ते वाचा. मी बघतो."

ती ताडताड वाचत गेली. दोन. तीन. पाच. सहा. सात. प्रत्येक नंबराला पेन्सिलीची बारीक खूण होत होती. नऊ. अकरा. बारा. चौदा. सोळा. एकोणीस. वीस.

"वीस," ती पुन्हा म्हणाली. खूण झाली नव्हती.

पेन्सिल एकोणीसवरच थांबली होती.

"अदलाबदल न्हाई झाली अक्का," शिवय्या म्हणाले.

"मग?"

"एकोणीस माझा हाय."

विद्यार्थ्यांपैकी एकाच्या हातातली काचपट्टी खाली पडून फुटली. विशाखाला आपला आवाज अजून खोलीत घुमतोय असं वाटलं. ती म्हणाली, "नाही, माझीच वाचायची चूक झाली असेल. मी दमलेय." धावत जाऊन तिनं एकोणीस नंबरची स्लाइड लावली. चुकलंय, चुकलंय, असं मनात म्हणतच डोळा लावला. पेशी तिथंच होत्या, घोळक्याघोळक्यानं.

"सरका बघू," मागून आवाज आला.

शिवय्या स्टुलावर बसले. भिंग फिरवलं. हजारदा केलेलं काम असल्यासारखे ते स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत गेले. बराच वेळ डोळा काढला नाही. काढला तेव्हा चेहरा कोरा होता.

"पाठ दुखायलती वर्सभर," ते म्हणाले. "मला वाटलं, बसून बसून."

सोमवारी सकाळी ते लघवीची परीक्षानळी घेऊनच आले. या रोगात लघवीत एक प्रथिन उतरतं. गरम करत गेलं की साठ अंशाला नळी गढूळ होते, उकळायला लागली की नितळ होते, थंड होताना पुन्हा गढूळ. विशाखानं नळी हातातून घ्यायला बघितलं, त्यांनी दिली नाही. स्वतःच पाण्याच्या भांड्यात धरली. थर्मामीटरचा पारा चढत गेला. पन्नास, पंचावन्न. साठला नळीत दूध सांडल्यागत पांढरं झालं.

"व्हय," ते हळूच म्हणाले.

पाणी उकळलं, नळी स्वच्छ झाली. थंड होईपर्यंत ते थांबले नाहीत. बर्नर बंद केला, नळी रॅकमध्ये ठेवली आणि हात धुवायला गेले. नळाखाली खूप वेळ हात धरून उभे राहिले.

डॉ. रेवणसिद्धप्पांना विशाखानं सांगितलं तेव्हा ते ताडकन उठून उभे राहिले आणि पुन्हा खाली बसले. "आपला शिवय्या?" एवढंच दोनदा म्हणाले. एक्स-रेत कवटीला तीन भोकं निघाली, मोहरीएवढी.

विशाखानं त्यानंतर नऊही निरोगी स्लाइड पुन्हा काढून तपासल्या. बसमध्ये शेजारी कुणी स्वतःच्या पाठीला हात लावला की ती त्याच्याकडे बघत राहायची. घरी जाऊन तिनं मारोती गुरुजींना खोदून खोदून विचारलं, हाडं दुखतात का, थकवा येतो का. गुरुजी म्हणाले, "कामून गं, काय झालंय?"

तिला खरा धक्का बसला तो पुढच्या आठवड्यात. शिवय्यांची स्लाइड नीट बघायला बसली, उपचार ठरवायला म्हणून. बाकीचे सतरा जण हाड मोडल्यावर आले होते. त्यांच्या मज्जेत निरोगी शेजार असा उरलाच नव्हता. शिवय्यांच्या तुकड्यात अर्धी मज्जा अजून चांगली होती. चांगल्या भागातला हाडाचा काठ गुळगुळीत, तिथं खाणारी पेशी एकही नाही. आणि रोगी पेशींचा लहानसा घोळका हाडाला टेकला होता, नेमकं तिथंच हाड खाणाऱ्या पेशी ओळीनं येऊन बसल्या होत्या. हाड अजून मोडायचं होतं, पण खायला सुरुवात झाली होती. दीड वर्ष ती हेच शोधत होती.

तिला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. मग त्या आनंदाचीच तिला इतकी किळस आली, की ती लॅबमागच्या जिन्यात जाऊन बसली.

एकोणीस तिनं वगळायचं ठरवलं. शिवय्यांना ते यादीतून कळलं.

"एकोणीस कुठाय?"

"तो नाही घेणार अण्णा. मला नाही जमायचं."

"कामून?" ते पहिल्यांदाच चिडले. "सुई टोचून घेतली मी, ती काय गंमत म्हणून? निरोगी म्हणून दिलतो, रोगी निघाला. मग रोग्यात घाला. तुमाला त्यात काय दिसलं?"

तिनं त्यांना बसवून दाखवलं. घोळका, हाडाचा काठ, ओळीनं बसलेल्या पेशी. शिवय्या बघत राहिले.

"हे मला दिसायला पायजे होतं," ते म्हणाले. "तिसऱ्या कापातच. मी कापलं, मी रंगवलं, अन् बघितलं न्हाई."

त्या स्लाइडचा फोटो त्यांनीच काढून दिला. प्रबंध अठरा रोगी आणि नऊ निरोगी माणसांवर गेला, आणि मंजूर झाला.

शिवय्यांच्या गोळ्या हैदराबादहून यायच्या. दर दीड महिन्याला चार दिवस घ्यायच्या. पाठदुखी कमी झाली, भोकं वाढायची थांबली. शिवय्या अठ्ठ्याऐंशीपर्यंत कामावर होते. त्या वर्षीच्या थंडीत न्यूमोनिया झाला आणि तीन दिवसांत गेले.

विशाखा भालकीला त्यांच्या घरी गेली. त्यांची बायको सिद्धम्मा ओसरीत बसली होती. विशाखानं सगळी वाक्यं बसमध्ये जुळवून ठेवली होती, पण सिद्धम्माच आधी बोलली.

"अक्का, तुमच्यावर लई राग होता माझा," सिद्धम्मा म्हणाली. "दुसऱ्याच्या कामाला गेले अन् हे घिऊन आले. सापडलंच नसतं तर हसत-खेळत राहिले असते, असं वाटायचं. दोन वर्सं वाटायचं."

"आणि आता?"

सिद्धम्मानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमी त्या कमलनगरच्या बाईचं सांगितलंव ना त्यांना? उठली अन् मोडली. ते मला सांगायचे. म्हणायचे, मी चार वर्सं पायानं कामाला गेलोय, सिद्धम्मा."

मग ती विशाखाकडे वळली.

"पण अक्का, एक सांगा. ते सुई टोचून घ्यायला गेले त्या दिवशी घरी हसत आलते. माणसाच्या आत एवढं चाललेलं असतंय अन् त्याला काहीच कसं कळत न्हाई?"

माणसाच्या आत काय चाललेलं असतं, यावरच विशाखा एम. डी. झाली होती. ती सिद्धम्माच्या शेजारी ओसरीवर बसली, आणि घरातून कुणीतरी दोघींसाठी पाणी आणून ठेवलं.