गुंड्याचा पट्टा

"पट्टा कुठून आणलात?" गुंड्याच्या मानेवरचे केस बाजूला सारत जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. खालची कातडी लालभडक झाली होती, कुठेकुठे पाणी सुटलं होतं.

पट्टा दादानंच शिवला होता. बॅगा शिवण्यात त्याची हयात गेली आणि बाजारात त्याच्या टाक्याला तोड नव्हती. पण बॅगेला खाज सुटत नाही. सवयीनं त्यानं पट्ट्याचं अस्तर सोल्यूशननं चिकटवलं आणि ते धड वाळायच्या आत पट्टा कुत्र्याच्या गळ्यात अडकवलाही.

एवढी घाई धाकट्या भावामुळे. खोक्यातलं पिल्लू असल्यापासून दादानं गुंड्याला बोटानं दूध चाटवून वाढवलं, आणि नोकरी सुटून धाकटा घरी काय आला, महिन्याभरात कुत्रं त्याच्या पायाशी निजायला लागलं. आयत्या बिळावर नागोबा! दादा आतल्या आत जळायचा. निदान गळ्यात तरी आपली निशाणी असावी म्हणून हा पट्टा, आणि तोही एक भोक जास्तच आवळून. गुंड्या मान खाजवायला लागला तेव्हा दादानं खापर फोडलं धाकटा त्याला आंघोळ घालायचा त्या साबणावर. पट्टा काढून बघा, असं बायको म्हणालीसुद्धा. दादानं कानाडोळा केला.

"मीच आणला, बाजारातून," शेजारी उभा असलेला धाकटा म्हणाला.

मग बाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं आणि तो मुकाट्यानं मान खाली घालून ऐकत राहिला. दादाला उपकार वाटायला हवे होते, पण त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कुत्रं नेलं ते नेलं, आता माझी चूकही यालाच हवी!

"तो खोटं बोलतोय," दादा म्हणाला. "मी शिवलाय. आवळलापण मीच."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग पट्टा काढून टाकायला, मान कोमट पाण्यानं धुऊन कोरडी करायला आणि मलम लावायला सांगितलं. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत गळ्यात काहीही नको, असंही बजावलं.

घरी आल्यावर दादानं बाह्या सरसावल्या. मलम तोच लावणार होता. त्याची बोटं मानेजवळ येताना दिसली मात्र, गुंड्यानं कान पाडले आणि शेपूट पोटाखाली घेऊन तो भिंतीला जाऊन टेकला. दादानं पुन्हा हात पुढे केला. गुंड्या थरथरायला लागला.

आता धाकटा हात पुढे करील, याची दादा वाट पाहत होता. सुनावायचे दोन शब्दही तयार होते. पण धाकटा जागचा हलला नाही. थोडा दम खा, मग तूच लाव, असं हळूच म्हणाला.

दादानं ट्यूब त्याच्या हातात ठेवली. "तू लाव. मला भितो तो."

धाकट्याच्या मांडीवर मान टाकून गुंड्यानं डोळे मिटले. मलम लावून होईपर्यंत दादा ट्यूबचं झाकण मुठीत धरून बाजूला उभा राहिला.