पडायची स्टेप

ते गाणं ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. चोवीस वर्षांपूर्वीच्या एका सिनेमातलं. एकावर एक चढत गेलेले लाकडी चौथरे, त्यांवर आठ मुली, सगळ्यांत वर नायिका. दुसरं कडवं संपता संपता मधल्या चौथऱ्यावरची एक मुलगी दोन्ही हात पसरून मागच्या मागे पडते आणि दिसेनाशी होते. लगेच नायिकेचा हसरा चेहरा. लोकांना ते इतकं आवडलं, की लग्नांत, गॅदरिंगमध्ये, ऑफिसच्या पार्ट्यांत माणसं हात पसरून एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. ‘पडायची स्टेप’ म्हणून ती सगळीकडे झाली.

मुळात ती स्टेप नव्हतीच. चौथरे चमकावेत म्हणून त्यांवर पाणी मारलं होतं आणि त्या मुलीचा पाय सटकला. मागे खाली गादी होती, पण लांबून शॉट घेताना ती दिसत होती म्हणून पाच मिनिटांपूर्वीच काढली होती. मुलीचा मणका मोडला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. दिग्दर्शकाने शॉट पाहिला, पडतानाचे हात त्याला सुंदर वाटले आणि त्याने तो ठेवून दिला. आपण याची वाच्यता करणार नाही, अशा कागदावर मुलीच्या वडिलांनी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सही केली, कारण आत ऑपरेशन चाललं होतं आणि ते करणारा डॉक्टर सिनेमावाल्यांनीच आणला होता.

ती मुलगी म्हणजे थोरली. शेजारच्या चौथऱ्यावर तिची धाकटी बहीण नाचत होती, सतरा वर्षांची.

आता थोरली सत्तेचाळीसची आणि धाकटी एकेचाळीसची. दोघींचं लग्न झालं नाही. एकीचं होण्यासारखं नव्हतं, दुसरीने विषयच काढू दिला नाही. आईवडील गेल्यावर घरात दोघीच उरल्या. थोरली खिडकीजवळच्या पलंगावर कानाला हेडफोन लावून एका दवाखान्याच्या अपॉइंटमेंटा घ्यायची. तिच्या आवाजावरून पेशंटांना वाटे, बाई अगदी टापटीप साडी नेसून टेबलाशी बसलेली असणार. जीभ मात्र तिखट. “मी पडून असते, पण पडखाऊ नाही,” असं ती वीजबिलवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ऐकवायची. धाकटी तिला अंघोळ घालायची, दर तीन तासांनी कूस बदलून द्यायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपायची. कामाला गेली की तेवढ्यापुरती शेजारीण यायची.

धाकटीचं काम टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत होतं. नटनट्या, खेळाडू, बातम्या देणारे असले नावाजलेले लोक तिथे नाचायचे आणि धाकटी मास्टरच्या हाताखाली त्यांना शिकवायची. त्या आठवड्यात सगळ्यांना जुनी गाजलेली गाणी हुबेहूब करायची होती. चिठ्ठ्या काढल्या. सहा वर्षं एकाच मालिकेत सोशिक सुनेचं काम करणारी एक नटी होती. तिला सेटवर सगळे सूनबाईच म्हणत. तिच्या चिठ्ठीत ते गाणं निघालं.

धाकटीने चिठ्ठी वाचली आणि घडी घालून परत दिली. तिथे कुणाला काही माहीत नव्हतं.

तालमीच्या खोलीत जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांच्या खुणा होत्या, भिंतभर आरसे, हवेत दुखऱ्या स्नायूंच्या मलमाचा वास. कोपऱ्यातल्या पडद्यावर गाणं लावून सूनबाई एकेक ओळ बसवत होती. चॅनलने जुनी फिल्म धुऊनपुसून नवी करून आणली होती. पूर्वी जिथे नुसते ठिपके दिसत, तिथे आता नथीतला मोती दिसायचा. ती जागा आली की धाकटी पाठ फिरवून मोजायची. तिसऱ्या दिवशी सूनबाईने चित्र थांबवलं. पडणाऱ्या मुलीच्या शेजारी कोण आहे, ते बघत राहिली.

“मॅडम, या तुम्ही ना?”

“हो.”

“आणि ही पडतेय ती?”

कुणीतरी होती, आठवत नाही, असं धाकटीला सहज म्हणता आलं असतं. का कोण जाणे, तिने तसं म्हटलं नाही. “माझी ताई,” ती म्हणाली, आणि मग बाकीचंही सांगावं लागलं.

सूनबाई मनाने वाईट नव्हती. ती रडली. मला हे करायचं नाही, असं तिने मास्टरला सांगितलं. मास्टरने ते कार्यक्रमाच्या निर्मातीच्या कानावर घातलं. निर्माती म्हणाली, की नाच होणारच, आणि शेवटी त्या बहिणीला स्टेजवर आणायचं. घरी काही बोलायचं नाही असं ठरवून धाकटी परतली, तोवर निर्मातीचा थोरलीला फोन होऊन गेला होता.

थोरलीने होकार दिला होता. वडील गेले, ती कंपनी बुडाली, आता तो कागद कोण दाखवणार, असं तिचं म्हणणं. धाकटीने परोपरीने समजावलं. तिथे तुझा तमाशा करतील, पाठ दुखेल, गाडीत हाल होतील. थोरलीने सगळं ऐकून घेतलं.

“मला दोन वाक्यं बोलायचीत,” ती म्हणाली. “गादी होती. ती काढली. चोवीस वर्षं पाठ आहेत मला.”

धाकटीची भीती वेगळीच होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. तेव्हाच्या मास्टरचा नियम होता, आभाळ कोसळलं तरी ओळ मोडायची नाही. ताई पडली तेव्हा तिने ते पाहिलं होतं. पाहूनही ती सहा, सात, आठ मोजत नाचली होती, शिकवल्याप्रमाणे दात दाखवून हसत. ‘कट’ झाल्यावर धावली होती. जुन्या फिल्ममध्ये तिचा चेहरा म्हणजे एक फिकट डाग होता. आता तो डाग राहिला नव्हता.

शूटिंगच्या दिवशी थोरलीने हिरवी साडी नेसवून घेतली, वेणी घालून घेतली. स्टुडिओत चार जणांनी तिची खुर्ची उचलून पहिल्या रांगेत ठेवली. सूनबाईच्या कमरेला पातळ तार बांधली होती, खाली हातभर जाड गादी अंथरली होती, दोन माणसं ती पकडून उभी होती. ती पडली ती इतकी हलकेच, की लोक श्वास रोखून बसले आणि मग उठून टाळ्या वाजवायला लागले. तिन्ही परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

मग निवेदकाने थोरलीची खुर्ची मधोमध आणवली आणि मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर मूळ शॉट लावला. अगदी संथ करून. ताईचा पाय सुटतो, हात पसरतात. शेजारी धाकटी. तिची मान जराशी वळते, डोळे ताईबरोबर खाली खाली जातात, पार टोकापर्यंत. ओठांवरचं हसू तसंच राहतं. मग डोळे समोर येतात आणि पुढची स्टेप सुरू होते.

निवेदकाने माईक पुढे केला. धाकटी कॅमेऱ्यांच्या मागे उभी होती. ती दोन वाक्यं तिच्याही तोंडपाठ झाली होती. थोरली पडद्याकडेच बघत होती. निवेदकाने पुन्हा विचारलं, आज काय वाटतंय.

“छान केलं पोरीनं,” थोरली म्हणाली. बाकी काही नाही.

लोकांना वाटलं, बाईला भरून आलं. सूनबाईने तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि थोरलीला ते अर्थातच जाणवलं नाही.

घरी आल्यावर धाकटीने साडी सोडवली, अंग पुसलं, नेहमीसारखी एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालून कूस बदलायला वाकली.

“तुला दिसलं होतं,” थोरली भिंतीकडे बघत म्हणाली.

धाकटीचे हात तिथेच थांबले. “हो.”

“मला वाटायचं, तुला कळलंच नसेल. पाठमोरी असशील. आई विचारायची ना, धाकटीचं लक्ष कुठे होतं? मीच तिला सांगायचे, तिला कसं दिसणार म्हणून. इतकी वर्षं मी तेच धरून बसले होते.”

“मी सतरा वर्षांची होते, ताई.”

“हो. मी तेवीसची.”

नियमाचं सांगावं, की त्या हसण्याने पुढे एकही रात्र धड झोपू दिलं नाही ते सांगावं, हे धाकटीला सुचेना. काहीही म्हटलं तरी ते स्वतःसाठीच म्हटल्यासारखं झालं असतं. तिने कूस बदलून दिली, उशी लावली आणि बाहेर येऊन नळ सोडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने फोन करून ओळखीच्या एका नर्सकडून दिवसभराची बाई ठरवली. अंघोळ, जेवण, कूस, सगळं ती बाई करायला लागली. धाकटी खोलीत आली की थोरली हेडफोन लावी. फोन नसला तरी. रविवारी कार्यक्रम दाखवला तेव्हा थोरलीच्या त्या गप्प बसण्याखाली व्हायोलिन वाजत होतं. बिल्डिंगमधले लोक पेढे घेऊन आले. धाकटीने दारातच ते घेतले. कामावर सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. मास्टरने तिला अंतिम फेरीसाठी सूनबाईकडेच ठेवलं. ती जात राहिली. तिचा पगार घरात यायलाच हवा होता आणि नाचाशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं.

तीन आठवड्यांनी एका सकाळी बाई आलीच नाही. तिचा फोनही लागेना, शेजारीण गावाला गेलेली. धाकटी स्वयंपाकघरात बसून राहिली. आत जावं तर हेडफोन चढतील, न जावं तर पाठ लाल होईल. नऊ वाजले, दहा वाजले. आत थोरली पेशंटांना वेळा देत होती, पण आवाज जड व्हायला लागला होता. वाक्याच्या मध्येच थांबून ती श्वास घेत होती. साडेदहाला आवाज बंद झाला.

“ये आत,” थोरलीने हाक मारली.

धाकटी दाराशी आली.

“कूस बदल. बोलू नकोस काही.”

धाकटीने एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. पाठीवर रुपयाएवढा डाग उमटला होता. तिने तो कोरडा केला, मलम लावलं, चादरीची सुरकुती ओढून सरळ केली. थोरलीने डोळे मिटले होते. फोन वाजायला लागला. तिने चाचपून हेडफोन शोधला, तो सापडेना, तेव्हा धाकटीने तो उचलून तिच्या कानाला लावला.

“नमस्कार,” थोरली तिच्या नेहमीच्या टापटीप आवाजात म्हणाली, “कोणत्या वाराची वेळ हवी आहे?”