खिडकीजवळचं टेबल आणि माझा सेकंदकाटा

मित्रांनो, मी एक जुनं, चावीचं मनगटी घड्याळ बोलतोय. मी दिवसाला दहा मिनिटं मागे पडतो, म्हणून मला वेळ कुणी विचारत नाही. पण माझा सेकंदकाटा आजही चोख आहे हो! त्याच्यामुळेच तर हे सगळं घडलं.

माझी मालकीण पुस्तकं बांधायची. पुठ्ठ्याला सरस लावला की माझ्याकडे बघून चाळीस सेकंद मोजायची आणि मगच कापड चिकटवायची. "हे नसतं तर माझी निम्मी पुस्तकं वाकडी झाली असती," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मला अगदी धन्य वाटायचं.

ती गेली आणि तिच्या थोरल्या मुलाने मला खणात टाकलं. "मागे पडणारं घड्याळ काय कामाचं?" म्हणाला. फार लागलं मला ते.

आईचं काम आता थोरला, त्याची बायको आणि धाकटी बहीण मिळून करतात. खिडकीजवळ टेबल एकच. तिथे कोण बसणार, हे वर्षातून एकदा, साफसफाईच्या दिवशी पोकर हा पत्त्यांचा डाव खेळून ठरतं. ही पद्धत आईनेच घालून दिलेली. पैसे नाहीत, पुठ्ठ्याच्या चकत्या लावायच्या. धाकटी सात वर्षं हरत होती. तिची नजर अधू झालेली, कोपऱ्यातल्या अंधारात सुईत दोरा जाईना. पण पत्ते वाईट आले की तिचं तोंड उतरायचं आणि थोरल्याला सगळं कळायचं.

यंदा मात्र ती वही घेऊन हिशोबाने शिकली. प्रत्येकाकडे दोन झाकलेली पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी. आधी बोलायची, म्हणजे चकत्या लावायची, पाळी असेल तर मोजक्याच पत्त्यांवर खेळायचं. शेवटी असेल तर हात सैल सोडायचा, कारण बाकीच्यांची चाल आधी दिसते. मधली पानं राजा, सात, दोन अशी विखुरलेली असली तर थोड्या चकत्या वरचेवर लावायच्या. आठ, नऊ, दहा अशी लागून आली तर जपून, कुणाचं काय जुळलंय कोण जाणे!

आणि ढोंग, म्हणजे पत्ते वाईट असूनही भारी असल्यासारख्या चकत्या लावणं? "ते मनाला विचारलं की मन तोंडाला सांगतं," ती वहिनीला म्हणाली. "म्हणून घड्याळाला विचारायचं." पत्ते वाया गेले आणि माझा काटा पहिल्या वीस सेकंदांत असला तर ढोंग, नाहीतर माघार. म्हणजे तीनदा पत्ते वाया गेले तर साधारण एकदा ढोंग. पत्ते भारी असले तरी बाहीखाली बघायचंच, म्हणजे संशय नको. खणातून मी थेट तिच्या मनगटावर आलो!

खेळाच्या दिवशी वहिनी लवकर बाद झाली. "मी आपली गंमत बघते," म्हणून बसली. शेवटचा डाव आला. मध्ये राजा, सात, दोन, नऊ, तीन. थोरला आधी बोलणार होता. त्याने चकत्या न लावता पाळी पुढे ढकलली. धाकटीने बाही सारली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

मी बंद पडलो होतो. वाटलं, आता टेबल गेलं, आणि तेही माझ्यामुळे!

तिने सगळ्या चकत्या पुढे सारल्या. "आलं बघ तोंडावर!" थोरला हसला आणि त्यानेही सगळ्या लावल्या. त्याच्याकडे एक्का आणि राजा, मधला धरून राजांची जोडी. धाकटीने पानं उलटली, दोन सत्ते. मधला धरून तीन, जोडीपेक्षा भारी!

"अगं, मग तोंड कशाला पाडलंस?"

"आईचं घड्याळ बंद पडलं रे, दादा. सकाळी गडबडीत चावी द्यायची राहिली."

ज्याने मला खणात टाकलं होतं, त्यानेच मला तिच्या मनगटावरून उतरवलं आणि हळूहळू चावी दिली. मी चालू लागल्यावर कानाशी धरून कितीतरी वेळ ऐकत बसला. मग उठून म्हणाला, "चल, तुझं सामान खिडकीपाशी नेऊ."

मित्रांनो, तुमच्याही खणात कुणीतरी पडलेलं असेल. एकदा उघडून बघा. आम्हाला फार काही लागत नाही, रोज चावीचे दहा-बारा फेरे पुरतात. थोरला आता ते रोज सकाळी खिडकीपाशी येऊन देतो. दहा मिनिटं मी अजूनही मागेच पडतो. त्याची तक्रार नाही.