मोहरेवरचं नाव

टपालतिकिटांच्या प्रदर्शनात कांस्यपदक मिळालं असतं तर श्यामकांत दिघ्यांच्या पदरात पडणार होतं ते इतकंच: एक वाटोळा बिल्ला, एक प्रशस्तिपत्र, आणि ज्या उपसचिवांनी एकोणीस वर्षं ऑफिसचं टपाल रवाना करणाऱ्या त्यांना ‘अरे डिस्पॅच’ अशी हाक मारली, त्यांच्या तोंडून एकदा ‘दिघेजी’. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांच्या पत्नी सुमित्राबाईंनी प्रशस्तिपत्रासाठी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

सगळी भिस्त बारा तिकिटांवर. पहिल्या महायुद्धानंतर दमास्कसला अरबांचं एक राज्य उभं राहिलं आणि काही महिन्यांत मोडलंही. घाईघाईत त्यांनी तुर्कांच्याच तिकिटांवर काळ्या शाईने आपलं नाव छापून काम भागवलं होतं. श्यामकांतांना तिकिटांचा नाद लावणाऱ्या शेजारच्या भाऊसाहेबांनी अकरा वर्षांपूर्वी त्यातलीच ही बारा त्यांना विकली. त्यात सुमित्राबाईंच्या सोन्याच्या दोन बांगड्या गेल्या. भाऊसाहेब मागच्या वर्षी वारले. पण त्यांच्या पत्नी हेमलतावहिनी आज ठेवणीतलं नेसून सुमित्राबाईंबरोबर प्रदर्शनाला आल्या होत्या.

परीक्षकाने भिंग खाली ठेवलं. “दिघेजी, ये नकली हैं. देखिए, नाम मोहर के ऊपर छपा है.”

श्यामकांत वाकले. आधी नाव छापायचं, मग तिकीट पाकिटावर, मग टपालाची मोहर. इथे मोहर खाली, नाव वर! वापरलेल्या तुर्की तिकिटांवर कुणीतरी मागाहून अक्षरं मारलेली. आणि हे कुणाला दिसू नये? रोज दोनशे पाकिटांवर शिक्के मारणाऱ्याला! पण भाऊसाहेबांच्या वस्तूला भिंग लावणं त्यांना कधी प्रशस्त वाटलंच नव्हतं.

“किससे लीं?”

“सांगा ना भावजी, यांचं नाव!” वहिनी कौतुकाने पुढे सरकल्या. त्यांना हिंदी कळायचं ते भाजीवाल्यापुरतं.

“दरियागंज, फुटपाथ से,” श्यामकांत म्हणाले. मग वहिनींकडे वळून, “भाऊसाहेबांची घरी आहेत वहिनी. इतकी भारी जिन्नस कुणी इथे आणतं का?”

“बिल्कुल बरोबर!” वहिनी खुलल्या.

बसमध्ये वहिनी पुढच्या सीटवर बसल्यावर सुमित्राबाईंनी हळूच विचारलं, “अहो, माझ्या बांगड्या फुटपाथवर कधी गेल्या?”

श्यामकांत कंडक्टरसाठी सुट्टे पैसे मोजू लागले.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “वहिनी खूश होत्या.”

भाऊसाहेबांचं नाव राहिलं, वहिनींचा तोरा राहिला. घरी आल्यावर सुमित्राबाईंनी खिळ्याला भाजीची पिशवी अडकवली. वर गेलेल्या हातात, अकरा वर्षं होत्या तशाच, काचेच्या बांगड्या वाजल्या.