भाऊजींच्या डाव्या बरगडीखाली

डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना शर्ट वर करायला सांगितलं आणि माझ्या हातातली पिशवी गळून पडली.

पाठीच्या कण्यापासून बेंबीपर्यंत फोडांचा लालभडक पट्टा. फक्त डाव्या अंगाला. उजवं अंग कोरं.

"नागीण," त्या म्हणाल्या. "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या होत्या." उत्तर ताईचं. भाऊजींबद्दलच्या प्रश्नांना तीच उत्तरं देते.

"तोच विषाणू. नसांमध्ये झोपून राहतो. संधी मिळाली की उठतो."

"म्हणजे आमच्या मेहुण्यासारखा," भाऊजी कण्हत म्हणाले. "जेवणाच्या वेळेला बरोबर उठतो."

मी हसलो नाही.

"अलीकडे काही ताण? मोठा धक्का?"

"छे!" भाऊजी म्हणाले.

छे?

थांबा. तीन आठवडे मागे.

भाऊजी आणि मी लिफ्ट दुरुस्त करतो. नियम असा: लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरणाऱ्याने स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. आमचा नियम असा: चावी स्विचपाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे, आणि भाऊजी बाहेर आले की शिट्टी. अकरा वर्षं. ती शिट्टी मी झोपेतही ओळखीन.

त्या दिवशी शिट्टी आली. मी कुलूप काढलं. लिफ्ट खाली सोडली.

भाऊजी आत होते.

ओरडणं ऐकून मी स्विच ओढला. त्यांच्या डोक्यावर वीतभर जागा उरली होती. वीतभर. ते वर आले, अंग झटकलं, म्हणाले, "केसांना जरा वारा लागला." मग तो विषय नाही. मीही काढला नाही. ताईसमोर तर नाहीच.

पुन्हा दवाखाना.

"त्यामुळेच झालं असेल का हो?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कशामुळे?" ताई वळली.

सांगितलं. शिट्टी, कुलूप, वीत. ताईने टेबलाची कड धरली.

"ताणामुळेच नागीण उठली असं खात्रीने नाही सांगता येत," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "संबंध असू शकतो. झोप लागते का?"

"तीन आठवडे नाही," भाऊजी म्हणाले.

"मला सांगितलंत उकडतंय म्हणून!" ताई उसळली.

"याला काही बोलू नकोस. चूक माझी. मी बाहेर आलो, शिट्टी मारली. पाना आतच राहिला होता, परत उतरलो." त्यांचा आवाज चिरकला. "परत आत जाताना मारायची शिट्टी आम्ही ठरवलीच नव्हती."

तीन आठवडे एकाच डब्यातून जेवलो आम्ही, आणि दोघंही मनात स्वतःलाच गुन्हेगार धरून.

ताईने माझ्यापुढे हात केला.

"चावी."

मी दिली.

"ज्याची चावी त्याच्या खिशात राहील अशी दोन कुलुपं येईपर्यंत दोघांपैकी कुणी त्या खड्ड्यात पाय ठेवून तर दाखवा."

बाहेर पडताना भाऊजींनी सवयीने शिट्टीसाठी ओठांचा चंबू केला. नुसतीच हवा आली.