चावी गळ्यात, मग पाय विहिरीत

मी कार्बन बोलतोय. काळा, वालाच्या दाण्याएवढा. नाक मुरडू नका, माझ्या जोरावर मोठमोठे कातळ फुटलेत!

माझं घर म्हणजे सुरुंग उडवायची लाकडी पेटी. आत तांब्याच्या तारेचं चिमुकलं वेटोळं, ते गरागरा फिरायचं. त्याच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला माझा भाऊ. पाठीमागून स्प्रिंग सारखी ढोसायची. फिरणाऱ्याला चिकटून राहायचं आणि त्याची वीज तारेत सोडायची, एवढंच आमचं काम. पण ऐन वेळी मी सुटलो, तर विहिरीतला सुरुंग मुका.

मालक विठू, मुरबाडकडचा. सोबत बायको काशी. तो कातळात भोकं पाडून दारू भरायचा, ती वरून माती ठासायची. मग दोघं वर येऊन आंब्याआड बसायची. विठू पेटीला चावी लावून असा हिसडा द्यायचा की माझी हाडं खिळखिळी! धडाम! दगड आभाळात, कावळे रानात. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची.

मग चावी काढून तो गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवायचा. "चावी गळ्यात, मग पाय विहिरीत," हा त्याचा कायदा. चावी आपल्यापाशी असली की वर कुणी पेटी फिरवूच शकत नाही, अशी त्याची खात्री.

इकडे मी झिजत चाललो होतो, मधूनच सुटत होतो. विठूनं नवा कार्बन आणला का? छे! सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून माझ्या बुडाशी कोंबली.

अठ्ठ्याण्णव सालचा वैशाख. तानसा तलाव डोंगरापलीकडे, त्याचं पाणी मुंबईला, आणि अलीकडे कमळाबाईची विहीर पंचवीस हात खोल जाऊनही कोरडी. पाच भोकं भरली. विठूनं हिसडा दिला. काही नाही. पुन्हा दिला. काही नाही. माझ्यावर काजळी धरली होती, मी भिडतच नव्हतो.

"खाली तार तुटली असंल. बघून येतो."

"जरा थांब ना," काशी म्हणाली. "आनि पेटीची तार तरी काढ."

"चावी हाय ना गळ्यात! कशाला भितंस गो?"

तो उतरला. काशी काठावर वाकून बघत राहिली. कमळाबाईचा लेक साईनाथ पेटीपाशी बसला. शहापूरला मोटार वायंडिंगच्या दुकानात कामाला, त्याचे हात शिवशिवणारच. मदत म्हणून त्यानं पेटी उघडली, मला बाहेर काढलं, पॉलिश पेपरनं घासलं आणि नीट बसवलं. "आता फिरतंय का बघू," म्हणत चावीच्या जागी पक्कड लावून जोराचा पीळ दिला. तारा पेटीलाच होत्या, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. उभ्या आयुष्यात मी इतका घट्ट भिडलो नव्हतो.

जमीन हादरली. दगडांबरोबर काय काय वर आलं ते सांगत नाही. काशीच्या कपाळातून रक्ताची धार लागली, तरी ती विहिरीकडेच झेपावत होती. चार बायांनी तिला धरलं. "मी काय केला? मी काय केला?" साईनाथ ओरडत होता, आणि लोक त्याला लाथांनी तुडवत होते. सांजेला विठूला गोधडीत गोळा केलं. चावी गळ्यातच होती, वाकडी झालेली.

तेराव्यानंतर काशीनं मला तळहातावर घेतलं. वाटलं, आता ठेचणार. ठेच बाई, म्हटलं, मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

"तू मारलास त्याला," ती म्हणाली. "धरायचा तेवा सुटलास, सुटायचा तेवा धरलास."

पण ठेचलं नाही. पोटासाठी दुसरं काम येत नव्हतं. साईनाथनं शहापूरहून नवी स्प्रिंग आणून तिच्या उंबऱ्यावर ठेवली. ती त्याच्याशी अजून बोलत नाही, स्प्रिंग मात्र घेतली.

सहा वर्षं झाली. आता काशीच सुरुंग उडवते. चावीवर तिचा भरवसा नाही. आधी तार सोडते, मग मला पेटीतून उपसून पदराच्या गाठीत बांधते आणि मगच खाली उतरते. मी आता निम्माच उरलोय. कुणी शहापूरला जात असाल, तर हात जोडतो, हिच्यासाठी नवा कार्बन आणा. माझा भरवसा धरू नका.

आज पुन्हा दोन हिसडे झाले आणि सुरुंग मुका. अर्धा तास थांबून काशीनं मला गाठीत बांधलं. शिडीवर पाय ठेवता ठेवता गाठ चाचपून म्हणाली, "चल रे काल्या. उडला तर दोघा उडू."