गूळतुलेची खिडकी

गूळतुला झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मधल्या खोलीची खिडकी बंद केली की गार्गी वर जायची. उघडली की खाली यायची. तावदान वीतभर खाली ओढलं तर पोर वीतभर वर, हातभर ओढलं तर हातभर. त्यात कधी चूक झाली नाही.

डोंगरावरच्या शाळेनं मास्तरांना दिलेली ती दगडी घरं जुनी, आणि खिडक्या वरखाली सरकणाऱ्या. तावदानाची दोरी चौकटीच्या माथ्यावरच्या पितळी कप्पीवरून मागं जायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाला, चौकटीच्या पोकळीत, लोखंडी वजन लोंबायचं. वजन खाली, तावदान वर. लग्न होऊन आली तेव्हा एका बोटानं खिडकी उघडते याचंच केतकीला केवढं कौतुक होतं.

गार्गी दिवस भरायच्या आधीच झाली. पहिले वीस दिवस काचेच्या पेटीत होती. तेव्हा सासूबाई नवस बोलल्या होत्या, पोर तगू दे, वर्षाच्या आत गुळानं तोलीन. वर्ष भरायला एक दिवस उरला आणि घाटात दरड कोसळली. देवळातला तराजू राहिला खाली गावात. नवस काही चुकवता येत नाही. नेमके त्याच दिवशी पांचाळ मिस्त्री खिडकीची दोरी बदलायला आले होते, आणि चौकटीची फळी काढून, वजन भिंतीशी टेकवून, जेवायला गेले होते. सासूबाईंनी कप्पीकडं पाहिलं. म्हणाल्या, तराजू म्हणजे तरी दुसरं काय असतं?

दोरीच्या एका टोकाला गार्गीची झोळी बांधली, दुसऱ्या टोकाला गुळाची ढेप. ढेप जड झाली म्हणून कोपरा फोडला. दोन्ही टोकं एका रेषेत येऊन थांबली तेव्हा केतकीनं हात जोडले. मग गूळ सोडून ते टोक सासूबाईंनी तावदानाला बांधलं, गार्गीला उचलून घेतलं, रिकामं टोक पोकळीत सोडलं, फळी बसवली, आणि गूळ साऱ्या शेजाऱ्यांना वाटला. मिस्त्री परत आले, फळी बसलेली पाहून निघून गेले. लोखंडी वजन भिंतीशीच राहिलं.

आता खिडकी उघडी ठेवावी तर धुकं आत यायचं. गार्गीला खोकला झाला. डॉक्टरांनी बजावलं, खोली गरम ठेवा. खिडकी बंद करावी तर गार्गी छताला. स्वयंपाकघरात नेऊन पाहिलं, तिथंही तेच. केतकी स्टुलावर उभी राहून तिला पाजायची. मग टेबलावर स्टूल ठेवून पाजू लागली, कारण छतही रोज थोडं वर सरकत होतं. नवरा, मंदार, शाळेत शिकवून यायचा, टाय सैल करायचा आणि मान वर करून विचारायचा, "आज कितीवर आहे?"

"कालच्यापेक्षा चार बोटं."

"जेवली का?"

"एक बाजू प्यायली. दुसरीला हात पुरला नाही."

ज्या दिवशी टेबलावर स्टूल, स्टुलावर पाट ठेवूनही गार्गीची नुसती टाच हाताला लागली, त्या दिवशी केतकीनं खिडकी अर्धी उघडून लेकीला खाली घेतलं, शालीत गुंडाळलं आणि पांचाळांना बोलावणं धाडलं.

त्यांनी फळी काढली, टोक बाहेर ओढलं, त्याला लोखंडी वजन अडकवलं. दोरी सैलच राहिली. वजनाकडं तिनं लक्षच दिलं नाही.

"वैनी, हिला पोरीची सवय लागली," मिस्त्री म्हणाले. "आता लोखंडावर न्हाय यायची."

"दोरी कापा मग."

"कापली तर पोर कुठवर जाईल ते मी न्हाय सांगू शकत. जितं वजन घेतलंय, तर बदली जितंच द्यावं लागंल."

सासूबाई म्हणाल्या, नवस मी बोलले, मला बांधा. मिस्त्रींनी त्यांना काखेत धरून जरा उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. "तुम्ही वर जाल, आई." सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"जास्त जड चालेल?" केतकीनं विचारलं.

"चालंल की. तुम्ही तळाला जाल एवढंच."

"तळ किती खोल आहे?"

मिस्त्रींनी पोकळीत मोजायची पट्टी सोडली. ती सगळी आत गेली तरी टेकली नाही. त्यांनी ती गुंडाळून खिशात घातली.

केतकीनं गार्गीला सासूबाईंकडं दिलं. मिस्त्रींनी दोरी तिच्या कमरेला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. तावदान धाडकन वर गेलं, एका काचेला तडा गेला. फरशी आधी केतकीच्या घोट्याला आली, मग गुडघ्याला, मग कमरेला. दुखत नव्हतं. खाली पायांना गार वारा लागत होता. छातीशी येऊन फरशी थांबली.

सासूबाईंनी गार्गीला खाली ठेवलं. ती चांगली जड, थपकन बसली. मग रांगत आईपाशी आली आणि भूक लागल्यावर करते तसं तोंड उघडलं.

केतकीनं तिला जवळ घेतलं. पहिल्या घोटाला तावदान बोटभर खाली आलं. दुसऱ्या घोटाला आणखी बोटभर. केतकीची कंबर फरशीवर आली, मग गुडघे. गार्गी तिच्या हातांत भरत चालली होती, आणि केतकीला आपले खांदे उन्हात वाळलेल्या कपड्यासारखे वाटत होते. अखेर तळपाय फरशीला टेकले. तावदान अर्ध्यावर येऊन थांबलं. दोरी ताठ, हलत नव्हती. मिस्त्रींनी श्वास सोडला.

"पुरे आता," सासूबाई म्हणाल्या. "सोडव तिला."

केतकीनं रोजच्यासारखी करंगळी गार्गीच्या ओठांच्या कोपऱ्यात घातली. गार्गीनं डोळे उघडून आईकडं पाहिलं, ब्लाउजची कड मुठीत घट्ट धरली, आणि आणखी एक घोट घेतला.